अनामत

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आमच्या घरातला जुना शिरस्ता. त्या वेळी दरवर्षी माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली उतरतो. झाकणावरचे चित्र केव्हाच पुसून गेले आहे, एका कडेला गंज धरला आहे. घरात गेल्या वर्षीच्या पणत्या त्यात ठेवतात. ‘आता तरी हा डबा मोडीत घाला’ असे सौभाग्यवती दरवर्षी म्हणते, आणि मी दरवर्षी तो फडक्याने पुसून पुन्हा वर ठेवतो. या डब्याची हकीकत मला सांगायची आहे. पण ती सांगण्याआधी एकदा मक्केला आणि मग माहीमला जाऊन यावे लागेल. फराळाच्या ताटावरून वाचकांनी एवढा फेरफटका माझ्याबरोबर करावा.

सुरुवात एका अगदी घरगुती शब्दापासून करू. विजेचा मीटर घ्यायचा तर अनामत रक्कम भरावी लागते. वाचनालयात नाव घालायचे तर अनामत. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते, आणि ती बातमी वाचून आपण मनातल्या मनात खूश होतो. हा शब्द इतका मराठी झाला आहे की तो परका असेल अशी शंकासुद्धा येत नाही. मोल्सवर्थ साहेबाच्या कोशातही तो आहे. पण मूळ शब्द ‘अमानत’. अरबीतून फारसीमार्गे तो आपल्याकडे आला आणि आपल्या जिभेवर म, न यांनी जागा बदलल्या. ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूची ‘इमान’ आणि ‘अमीन’ ही भावंडे. आपला कारकून इमानेइतबारे चाकरी करतो, आपला कुत्रा इमानी असतो, फसवणारा बेइमान ठरतो. म्हणजे विश्वास आणि ठेव या दोन्ही गोष्टी सांगायला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दांचा आधार घेत आला, ते एकाच मुळातून फुटले आहेत.

आणि योगायोग पाहा, इस्लामच्या प्रेषिताला त्याच्या गावाने, तो प्रेषित होण्याच्या कितीतरी आधी, जे नाव दिले होते तेही याच मुळातले: ‘अल्-अमीन’, म्हणजे ज्याच्यापाशी ठेव निर्धास्त ठेवावी असा माणूस.

मक्का हे व्यापाऱ्यांचे गाव. उंटांचे तांडे उत्तरेला शामकडे आणि दक्षिणेला यमनकडे जात. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, हिशेब तोंडी. अशा गावात सचोटीला बाजारभाव असतो. तरुण महंमद खदीजाबाईंचा माल घेऊन शामला गेला तो या सचोटीच्या लौकिकावर, लग्न त्यानंतरचे. याच सुमाराची एक गोष्ट मला विशेष वाटते. यमनमधल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका बड्या असामीने घेतला आणि पैसे बुडवले. तो परका, त्याच्यामागे कुळ नाही, कबिला नाही. तेव्हा गावातल्या काही घराण्यांनी इब्न जुदआन नावाच्या गृहस्थाच्या घरी जमून शपथ घेतली, की मक्केत कोणावरही अन्याय झाला, मग तो गावचा असो वा परका, तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहायचे. विशीतला महंमद त्या बैठकीत होता. पुढे प्रेषित झाल्यावरही तो म्हणे, की तसल्या करारासाठी आजही मला कोणी हाक मारली तर मी जाईन. करार इस्लामपूर्व काळातला, करणारे मूर्तिपूजक. पण चांगले काम कोणी सुरू केले याची चौकशी त्याने केली नाही.

काबा पडझड होऊन पुन्हा बांधला गेला तेव्हा काळा दगड कोणी बसवायचा यावरून तलवारी उपसायची वेळ आली. तेव्हा दारातून पहिला जो आत येईल त्याचा निवाडा मानायचा असे ठरले. आत आला तो हा अमीन. त्याने चादर पसरली, दगड तिच्यावर ठेवला, प्रत्येक कुळाच्या प्रमुखाला एकेक कड धरायला लावली आणि शेवटी आपल्या हाताने दगड जागेवर बसवला. शाळेच्या पुस्तकात शोभावी अशी ही युक्ती आहे आणि ती प्रसिद्धही आहे. मला मात्र युक्तीपेक्षा, त्याला पाहताच भांडणाऱ्यांना जे हायसे वाटले त्याचे मोल अधिक वाटते. ते बुद्धीच्या जोरावर मिळत नाही.

पुढे प्रेषिताने एकेश्वराचा पुकारा केला आणि तेच गाव उलटले. छळ झाला, बहिष्कार झाला, अखेर इ. स. ६२२ मध्ये त्याच्या खुनाचा बेत शिजला. त्या रात्री तो अबू बक्रला बरोबर घेऊन मदिनेकडे निघून गेला. चरित्रकार सांगतात, की त्याचा चुलतभाऊ अली याला त्याने मागे ठेवले, आणि ते कशासाठी? तर लोकांच्या ठेवी परत करायला! म्हणजे त्या गावात माणसे त्याच्या जिवावर उठली होती आणि त्याच गावातले लोक आपले पैसे-दागिने त्याच्यापाशी ठेवत होते. त्याचा धर्म खोटा असे म्हणत होते, पण त्याचा शब्द खोटा असे म्हणायला जीभ रेटत नव्हती. अली तीन दिवस मक्केत राहिला, ज्याचे त्याला पोचवले आणि मग तो मदिनेला गेला. मारेकऱ्यांच्या गावात एका कोवळ्या तरुणाला मागे ठेवणे ही जोखीम केवढी! मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अलीच्या आईचा विचार मनात येतो.

आठ वर्षांनी प्रेषित मक्केत विजयी होऊन शिरला. काब्याची किल्ली उस्मान बिन तल्हा याच्या घराण्याकडे असे. ती आपल्या घराण्याला मिळावी असे प्रेषिताच्या आप्तांपैकी काहींना वाटले. तसे वाटणे स्वाभाविकच होते. प्रेषिताने किल्ली मागवली, दार उघडले, आणि किल्ली उस्मानलाच परत दिली. ज्याची ठेव त्याला पोचती करा, अशी आज्ञा कुराणाच्या चौथ्या अध्यायात आहे. तिचा संबंध परंपरेने या किल्लीशी जोडला आहे. चौदाशे वर्षे झाली, काब्याची किल्ली आजही त्याच घराण्याकडे आहे.

याच्या जोडीला हदीसमधल्या लहान लहान गोष्टी आहेत. बाजारात धान्याच्या राशीत त्याने हात घातला तर आत दाणे ओले लागले. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. मग ओले वरच का ठेवले नाहीस, असे त्याने विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे असे बजावले. मजुराला मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी, असे तो सांगे. अनस नावाचा पोरगा दहा वर्षे त्याच्या घरी कामाला होता. आपल्यावर तो एकदाही खेकसला नाही, अशी त्याची साक्ष आहे. आपल्या घरी काम करून गेलेला पोरगा दहा वर्षांनी काय साक्ष देईल, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. आणि मरणसमयी या अरबस्तानच्या अधिपतीचे चिलखत एका ज्यू सावकाराकडे गहाण होते. घरात जव आणायचे होते म्हणून!

आता माहीमला येऊ. अंधेरीहून लोकलने पाच स्थानके. आज वांद्र्याची खाडी आपण डब्यात नाक दाबून ओलांडतो. पण १८४५ मध्ये लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या १ लाख ५७ हजार रुपयांच्या देणगीने तेथे रस्ता झाला, त्याआधी साष्टीतले वांद्रे आणि मुंबईतले माहीम यांच्यात होडीचाच काय तो व्यवहार. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सारी साष्टीची गावे. बृहन्मुंबईत बोरिवली-मुलुंड आले ते १९५७ मध्ये. पण खाडीच्या दोन्ही तीरांवर माहीमचे नाव त्याच्या साडेपाचशे वर्षे आधीपासून घेतले जात होते. तेथे मखदूम फकीह अली माहिमी राहत. कोकणात येऊन स्थायिक झालेल्या अरबांच्या नायता समाजातले हे विद्वान. त्यांचा मृत्यू १४३१ मधला. कुराणावर त्यांनी अरबीत टीका लिहिली. ‘तफसीर-ए-रहमानी’ या नावाने ती ओळखली जाते. कुराणाच्या आयतींचा एकमेकींशी सांधा कसा जुळतो हे उलगडून दाखवणे हा तिचा विशेष. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधल्या बुलाकच्या छापखान्यात ती छापली गेली. म्हणजे आपल्या माहीमच्या ताडामाडांत बसून लिहिलेला ग्रंथ कैरोच्या पंडितांनी वाचला. आपल्या मुंबईच्या इतिहासाची पुस्तके पोर्तुगिजांपासून सुरू होतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानांवर पडत नाही.

माहीम तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे होते. मखदूमसाहेब तेथले काजी होते असे परंपरा सांगते. काजी म्हटला की आपल्याला निकाह लावणारा आठवतो. त्या काळी अनाथ पोरांची मालमत्ता सांभाळणे, वक्फाच्या जमिनींवर लक्ष ठेवणे, बेवारशी वस्तूंचा धनी शोधणे हेही काजीचे काम असे. थोडक्यात, तो साऱ्या गावाचा अमीन. आणि काळ तर धामधुमीचा. १४३०च्या सुमारास बहमनी सुलतानाच्या मलिक-उत्-तुज्जार या सरदाराने माहीम घेतले. गुजरातचे आरमार धावून आले, ठाणे परत घेतले, मग माहीम. मुसलमान सुलतान दोन्हीकडे. सत्ता अशी या हातातून त्या हातात जात असताना पोरक्या पोरांच्या ठेवी कोणी कशा सांभाळल्या असतील, याची नोंद कोणत्याही तवारिखीत नसते. लढाया लिहिणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो.

लोकांनी मात्र मखदूमसाहेबांची एक निराळीच गोष्ट जपली आहे. लहानपणी एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पेला भरून घेऊन आला तो आईला झोप लागलेली. तिला उठवावे तर झोपमोड, आणि पेला ठेवून जावे तर तिला जाग आल्यावर पाणी कोण देणार? तो पेला घेऊन पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. आईने डोळे उघडले आणि त्याच घटकेला तिच्या तोंडून निघालेल्या आशीर्वादाने त्याला विद्या लाभली. ‘मखदूम’ म्हणजे ज्याची सेवा केली जाते तो. पण लोकांनी आठवणीत ठेवला तो सेवा करणारा पोर.

ही कथा ऐकून माझ्या आईला पुंडलिकाची आठवण झाली होती. कोणाही मराठी आईला होईल. पण तिचे मूळ जवळच सापडते. बुखारींच्या हदीससंग्रहात प्रेषिताने सांगितलेली एक गोष्ट आहे. तीन वाटसरू पावसात गुहेत शिरतात आणि दरड कोसळून तोंड बंद होते. तिघे आपापले एकेक निखळ सत्कृत्य आठवून देवाची करुणा भाकतात; प्रत्येक वेळी दगड थोडा सरकतो. पहिला सांगतो, मी दुधाचा पेला घेऊन झोपलेल्या म्हाताऱ्या आईबापांच्या उशाशी पहाटेपर्यंत उभा होतो, माझी पोरे भुकेने पायाशी रडत होती तरी. दुसऱ्याची कथा मोहाच्या ऐन क्षणी माघार घेतल्याची. तिसरा म्हणतो, माझा एक मजूर मजुरीचे धान्य न घेताच निघून गेला. ते धान्य मी पेरले, वाढवले, त्याची गुरेढोरे झाली. पुष्कळ वर्षांनी तो मजुरी मागायला आला तेव्हा सारा कळप मी त्याच्यापुढे केला. माझी थट्टा करू नका, असे मजूर म्हणाला. आणि सगळा कळप हाकून घेऊन गेला.

मक्का-मदिनेतली ही कथा अरबी खलाशांबरोबर कोकण किनाऱ्याला लागली असेल आणि दुधाच्या पेल्याचे पाणी होऊन माहीमच्या एका घरात रुजली असेल, असे मला वाटते. हे मी चमत्कार खोटा ठरवायला म्हणत नाही. चारित्र्याच्या कल्पना असाच प्रवास करतात. डिसेंबरातल्या माहीमच्या जत्रेत पहिली चादर मुंबई पोलिसांकडून चढते. ती घेऊन जाणाऱ्या हवालदारांत आमच्या सातारा-कोल्हापूरची किती नावे असतात! मराठी लेखणीनेही हा आदर राखला आहे. लहान जोतीची शाळा सुटली तेव्हा त्याच्या वडिलांची समजूत घालणाऱ्यांत गफ्फार बेग मुनशी होते. त्याच जोतीरावांनी पुढे महंमदावर ‘मानव महंमद’ हे काव्य रचले. साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर लिहिले, विनोबा अरबी शिकून कुराणाचे सार काढायला बसले, सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायाचा परिचय करून दिला. यासाठी या चौघांपैकी एकालाही आपले घर सोडावे लागले नाही.

आता डबा.

अंधेरी पूर्वेला आमच्या चाळीत शेवटची खोली रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशांची होती. गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली. बोटीवरून उतरलेला येई, बोटीवर चढणारा जाई. कधी दोघे, कधी बारा. त्यांतल्या एका चाचांचा आणि माझ्या वडिलांचा लोभ. भाषा एकच, गावाकडची. रमजानात त्यांच्याकडून खजूर येई आणि दिवाळीत आमच्याकडून करंज्या जात. चाचा बोटीवर निघाले की साठवलेले पैसे या डब्यात घालून वडिलांकडे देत. चिठ्ठी नाही, कुलूप नाही. नऊ-दहा महिन्यांनी परत येत, डबा घेत आणि मोजत नसत. वडील रागावून म्हणत, ‘मोजून घ्या.’ चाचा म्हणत, ‘मोजले तर ठेवले कशाला?’

१९७३ मध्ये वडील गेले. पुढच्या सफरीच्या आधी चाचांनी डबा माझ्या हातात दिला. मी अठरा वर्षांचा. ‘आता तू,’ एवढेच म्हणाले.

१९७५ मध्ये परीक्षेचा अर्ज भरायला माझ्याजवळ पैसे नव्हते. आईला सांगितले असते तर तिने मंगळसूत्रातले मणी काढले असते. मी डब्यातून ६० रुपये घेतले. चार महिने शिकवण्या करून ते परत ठेवले, त्याच रकमेच्या नोटा मिळवून. चाचा आले, डबा घेतला, नेहमीप्रमाणे मोजले नाहीत. निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा रिकामा डबा आईला देऊन गेले. लाडू ठेवा म्हणाले. कोणाचे काही बुडाले नव्हते. मी ती गोष्ट विसरलो, असे मला वाटत होते.

जानेवारी १९९३ मध्ये, शहरात जे चालले होते त्या दिवसांत, खोलीतली मंडळी एका रात्रीत गावी निघून गेली. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेली. सहा महिने ती आमच्या देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला होती. काहींनी ‘ती खोली आता कशाला रिकामी ठेवता’ असे सुचवून पाहिले. मी किल्ली राखली, याचा अभिमान वाटायला हवा होता. पण खिळ्याकडे नजर गेली की मला ते ६० रुपये दिसत.

पुढे इस्लामी कायद्याविषयी वाचताना ‘वदीअत’ म्हणजे ठेवीचे प्रकरण हाती आले. ठेव सांभाळणाऱ्याचा हात हा विश्वासाचा हात. त्याच्या चुकीवाचून ठेव जळाली, चोरीला गेली, तर त्याच्यावर भरपाई नाही. पण त्याने ती स्वतःसाठी वापरली तर विश्वास संपला, तो जबाबदार झाला. आणि वापरून जशीच्या तशी परत ठेवली तर? येथे इमामांत मतभेद आहे. हनफी म्हणतात, परत ठेवली की तो पुन्हा विश्वस्त झाला. शाफई म्हणतात, नाही. एकदा मोडलेला विश्वास त्याच्या एकट्याच्या हाताने जोडला जात नाही, मालकाने नव्याने ठेवली तरच. कोकणचे मुसलमान शाफई; मखदूमसाहेबांचा फिक्‌ह तोच. माझा निकाल माहीमच्या काजीने साडेपाचशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता म्हणायचा!

त्या पावसाळ्यानंतर मी चाचांच्या गावी गेलो. ऐंशी ओलांडलेले, पडवीत बाजेवर बसलेले. भाकरी-कालवण झाले, चहा झाला. मग मी सांगितले. चाचांनी शांतपणे ऐकले.

‘किती?’

‘साठ.’

‘पास झालास?’

‘झालो.’

मग बराच वेळ खाडीकडे पाहत राहिले. मला वाटले, झाले ते बोलून. तेवढ्यात सुनेला हाक मारून त्यांनी आतून एक पाकीट मागवले. नातू मुंबईत शिकायला होता. त्याच्या फीचे पैसे पाठवायचे होते. मनिऑर्डर करणार होते. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘हे त्याला पोचव.’ आणि मी खिशात घालू लागलो तेव्हा माझे मनगट धरले.

‘मोजून घे,’ म्हणाले.

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. पडवीत बसून मी नोटा मोजल्या, त्यांना रक्कम सांगितली, त्यांनी मान हलवली. रात्रीच्या गाडीत झोप आली नाही. प्रत्येक स्थानकाला हात खिशाकडे जाई. सकाळी घरी न जाता आधी त्या मुलाच्या वसतिगृहावर गेलो. तो अजून झोपला होता. त्याला उठवावे असे वाटेना, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिलो.